गावाच्या घड्याळानं जेवा

वाचकाचं पत्र :

"आम्ही चिंचवडला राहतो. वर्षातून एखाददुसऱ्या वेळी घरचे सगळे मिळून गाडीनं फिरायला जातो. जेवायची वेळ झाली की फोनवर जवळचं, चार-साडेचार तारे असलेलं हॉटेल शोधायचं आणि तिथं जेवायचं, अशी आमची पद्धत. पोट भरतं, तक्रार करावी असंही काही नसतं. पण घरी आल्यावर कुठं काय खाल्लं ते कुणालाच आठवत नाही. गेल्या जुलैत मालवणला मुद्दाम जाऊन सुरमई खाल्ली, तीही यथातथाच. माझी बहीण मात्र हुबळीच्या एका खानावळीतल्या भाकरीबद्दल अजून बोलते. तिच्या सांगण्यावरून आम्हीही एकदा हुबळीला थांबलो, पण पोहोचेपर्यंत साडेतीन वाजले आणि शेवटी हायवेवर पनीरची भाजी आणि नान खाऊन पुढं निघालो. आता डिसेंबरअखेर मुलीकडे बंगळुरूला जायचंय. तिनं खायच्या ठिकाणांची ही मोठी यादी पाठवलीय. यजमानांना वाटेत सारखी गाडी थांबवलेली आवडत नाही, ते म्हणतात डबा घेऊन चला. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, शाकाहारी, त्यांना मधुमेह आहे. मुलगा अकरावीत, त्याला सगळीकडे नूडल्स हवे असतात. सगळ्यांच्या कायम लक्षात राहील असं एक तरी जेवण या प्रवासात व्हावं, एवढीच इच्छा आहे. कसं जमवू?"

— एक वाचक, चिंचवड

उत्तर :

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात ताऱ्यांचा उल्लेख आहे, मुलीच्या यादीचा आहे, यजमानांच्या घाईचाही आहे. मला मात्र खरी अडचण दिसली ती हुबळीला वाजलेल्या साडेतीनमध्ये. बहीण ज्या भाकरीचं कौतुक करते ती साडेतीनला मिळतच नाही. उत्तर कर्नाटकातल्या खानावळीत दुपारची चूल साडेबारा ते दोनच्या सुमाराला भरात असते. त्यानंतर भाकऱ्या थापणाऱ्या बायका उठतात, भाज्यांची पातेली घासायला जातात, आणि उरलेल्या भाकऱ्या टोपलीत निवत पडतात. बहीण बहुधा एक वाजता तिथं बसली होती. तुमच्यात आणि तिच्यात फरक पडला तो एवढाच. नशीब, पैसा किंवा जिभेची पारख यांचा त्यात काही संबंध नाही.

साडेतीनला जे उघडं असतं, ते दिवसभर उघडं असणारं हॉटेल. त्याचं मेनूकार्ड दहा पानांचं असतं, आणि त्यातलं काहीही, कधीही मागितलं तरी पंधरा मिनिटांत द्यावं लागतं. हे जमवण्यासाठी स्वयंपाकघरात सकाळीच मोठाल्या पातेल्यांतून ग्रेव्ह्या करून ठेवतात. टोमॅटोची तांबडी, काजू-मगजाची पांढरी, कांद्याची पिवळी. गिऱ्हाइकानं पनीर मागितलं की तांबडीत पनीर, कोफ्ता मागितला की पांढरीत कोफ्ता. यात फसवणूक नाही, वेळी-अवेळी येणाऱ्या माणसाला खाऊ घालण्याची ती रीतच आहे आणि प्रवाशांची त्यानं मोठी सोय होते. पण ही ग्रेव्ही साताऱ्यात, चित्रदुर्गात आणि कोचीत एकाच चवीची लागते. मग कुठं काय खाल्लं हे लक्षात राहणार कसं?

म्हणून माझं सांगणं एकच आहे. जेवणासाठी हॉटेल शोधण्याआधी वेळ शोधा. प्रत्येक गावाची जेवायची एक वेळ असते, नाश्त्याची असते, संध्याकाळच्या खाण्याचीही असते. त्या वेळेला तिथली माणसं स्वतःसाठी जे खातात, ते त्या गावातलं सगळ्यात ताजं आणि सगळ्यात सरावाच्या हातानं केलेलं असतं. आपला प्रवास त्या वेळेला जुळवून घ्यायचा. आपण उलटं करतो. प्रवास आखतो, आणि भूक लागेल तिथं जेवण शोधतो.

फोनवरच्या ताऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. ते पार्किंग सांगतात, स्वच्छतागृह सांगतात, वाढायला किती वेळ लावतात ते सांगतात. सासूबाई बरोबर असताना यातली एकही गोष्ट क्षुल्लक नाही. फक्त तारे बघून झाले की त्याच पानावर खाली उघडण्याच्या वेळा दिलेल्या असतात, त्या वाचा. सकाळी साडेसहाला उघडून अकराला बंद होणारं ठिकाण, किंवा दुपारी तीन तासच चालणारी खानावळ म्हणजे तिथं एक-दोनच गोष्टी होतात, त्या ताज्या होतात आणि संपतात. हे मला ताऱ्यांपेक्षा जास्त खात्रीचं वाटतं. लोकांनी टाकलेले फोटोही बघा. दहापैकी आठ ताटांत एकच पदार्थ दिसत असेल, तर तोच मागवायचा. 'अस्सल गावरान, चुलीवरचं' अशा मोठ्या फलकावर मात्र जाऊ नका. आत डोकावून चूल पेटलेली आहे का ते बघा.

आता तुमचाच रस्ता घेऊ. पुणे-बंगळुरू हे साधारण साडेआठशे किलोमीटर अंतर आहे आणि तुम्ही ते दोन दिवसांत जाणार, असं धरून चालते. हा रस्ता खाण्याच्या बाबतीत देशातल्या उत्तम रस्त्यांपैकी एक आहे, असं माझं ठाम मत आहे. त्याला फक्त पहाटे निघावं लागतं.

चिंचवडहून पहाटे पाचच्या आत निघालात तर साडेनऊच्या आसपास कोल्हापुरात पोहोचाल. ती मिसळीची वेळ. उद्यमनगरातली फडतरे म्हणा, बावडा मिसळ म्हणा, किंवा जिथं उतराल तिथल्या रिक्षावाल्यांच्या आवडीची म्हणा. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो, कट वेगळा मागून घेता येतो, आणि दुपार व्हायच्या आत बहुतेक ठिकाणी कारभार आटोपतो. सुट्टीच्या दिवशी रांग असते, तेवढा वेळ हिशोबात धरा. सासूबाईंना तिखट झेपणार नसेल तर त्यांच्यासाठी इथं काही शोधत बसू नका, त्यांचं काय करायचं ते शेवटी सांगते.

कोल्हापूर सव्वादहाला सोडलंत की बेळगाव मागं टाकून दीडच्या आत धारवाड-हुबळी गाठता येतं. आणि तुमचं ते जेवण इथंच आहे.

हायवेवर थांबू नका, गावात शिरा. बाजारपेठ, बसस्टँड, कोर्ट किंवा मार्केट यार्ड यांच्या आसपास खानावळी असतात. कानडी पाटीही 'खानावळी' अशीच असते, पण वाचता आली नाही तरी विचारायला अडचण नाही. 'जोळद रोट्टी ऊट' म्हणजे ज्वारीच्या भाकरीचं जेवण, एवढे तीन शब्द पाठ केलेत की काम भागतं. धारवाड-हुबळीत मराठी समजणारी माणसंही खूप भेटतात.

हुबळीतल्या जुन्या बाजाराजवळच्या एका खानावळीतलं ताट अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. स्टीलच्या ताटात आधी कडेनं चटण्या आल्या. शेंगांची, कारळ्याची, जवसाची, आणि लाल मिरचीचा ओला ठेचा. मग घट्ट दह्याची वाटी. मग एण्णेगाई, म्हणजे शेंगदाणे-तिळाचं सारण भरून तेलात मुरवलेली छोटी वांगी, देठासकट. मोडाच्या मटकीची उसळ, अंबाडीची पातळ भाजी. आणि ताटाच्या एका बाजूला न शिजवलेली मेथीची पानं, कांद्याची पात, काकडी, गाजर, जणू आत्ताच शेतातून उपटून आणलेली. भाकरी आतून एकेक करून येत होती. चुलीपुढं बसलेली बाई परातीत भाकरी थापायची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायची, आणि ती उलटून फुगली की वाढणारा मुलगा ती तशीच हातावर घेऊन पळत यायचा. बोटानं दाबली की वाफ बाहेर यायची. शेजारच्या पाटावरच्या आजोबांनी माझ्या ताटातल्या शेंगाचटणीत खड्डा करून त्यात दही घालायला लावलं, आणि भाकरीचा पहिला घास कशाबरोबर खायचा तेही सांगितलं. कच्च्या मेथीबरोबर. तो घास कडसर, गोडसर, गरम आणि गार असा सगळा एकदम लागतो.

आपणही भाकरी-चटणी खाणारी माणसं. म्हणून तर हे ताट मराठी माणसाला इतकं लागू पडतं. सगळं ओळखीचं असतं आणि तरी प्रत्येक गोष्ट आपल्या घरच्यापेक्षा थोडी निराळी. सासूबाईंसाठी याहून चांगलं जेवण तुम्हाला अख्ख्या रस्त्यात मिळणार नाही. ज्वारी आहे, पालेभाजी आहे, कडधान्य आहे, दही आहे. फक्त 'बिसी रोट्टी', म्हणजे गरम मऊ भाकरी मागा. वाळवलेली कडक भाकरी चवीला छान असते, पण दातांना जड जाते. भाज्यांना तेल बरंच असतं, तेव्हा एण्णेगाई अर्धीच घ्यायला सांगा.

त्या दिवशी मुक्काम हुबळीलाच करा. यजमानांना दिवसाउजेडी पोहोचल्याचं समाधान मिळेल, आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला गिरमिट खायला मिळेल. चुरमुऱ्यांना चिंच-गुळाचं ओलसर वाटण, कांदा, टोमॅटो, वरून डाळ्याचं पीठ, आणि बरोबर गरम मिरची-भजी. ही तिथली संध्याकाळची वेळ. गाडीवर उभं राहून खायचं. तुमच्या मुलाला ते आवडेल, अशी माझी अटकळ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालात की साडेआठ-नऊला दावणगेरे. कोल्हापुरात गाड्यांवर 'दावणगिरी लोणी डोसा' म्हणून जो मिळतो, त्याचं हे मूळ गाव. बेण्णे दोसे. तव्यावर पांढऱ्या लोण्याचे गोळे पडतात, डोसा कडेनं कुरकुरीत आणि मध्ये जाड, जाळीदार होतो. बरोबर फिकी बटाट्याची भाजी आणि ओल्या खोबऱ्याची पातळ चटणी. सांबाराची वाट बघू नका, त्या जोडीत त्याला फारसं स्थान नाही. त्यातल्या खाली दोसा या प्रकाराला लोणी कमी असतं, सासूबाईंना तो सांगा. जुन्या ठिकाणी अजून लाकडावर भट्टी चालते, आणि सकाळचा तवा एकसारखा तापलेला असतो तेव्हाचा डोसा दुपारच्या डोशापेक्षा खूपच चांगला लागतो. तिथून बंगळुरू साधारण दोनशे साठ किलोमीटर. दुपारी मुलीच्या घरी पोहोचाल. त्या दुपारी बाहेर जेवायला जाऊ नका. ती जे करील ते, जसं करील तसं घरीच खा. तिनं तुमच्यासाठी मांडलेल्या ताटापुढं बाकीचं सगळं नंतर.

आता तिच्या यादीबद्दल. ती तुम्हाला आपलं शहर दाखवू पाहतेय, म्हणून यादीचा मान ठेवाच. पण सगळी ठिकाणं करायला गेलात तर चार दिवस रांगेत जातील. तिच्याबरोबर बसून यादीतल्या प्रत्येक नावापुढं वेळ आणि साप्ताहिक सुट्टी लिहा. मावळ्ळी टिफिन रूम, म्हणजे लालबागजवळचं एमटीआर, 1924 पासूनचं. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रव्याची इडली आपणच पहिल्यांदा केली, असं ते लोक सांगतात. तिथं रवा इडली खायची तर सकाळी. गांधी बझारमधलं विद्यार्थी भवन 1943 चं. जाडसर, खरपूस, तुपकट मसाला डोसा. वाढपी एका हातावर डोशांच्या बशांची चळत तोलत येतो ते बघण्यासारखं असतं, आणि भिंतींवर कन्नड साहित्यिकांची चित्रं आहेत. शंकरपुरममधला ब्राह्मिन्स कॉफी बार 1965 चा. इडली, वडा, खारा भात म्हणजे रव्याचा उपमा, केसरी भात म्हणजे शिरा, कॉफी, एवढंच. सांबार नाही, चटणी हवी तेवढी, आणि उभ्यानं खायचं. सासूबाईंना उभं राहणं जमणार नाही, तेव्हा तिथं त्या एका सकाळी तुम्ही आणि मुलगी दोघीच जा. या तिन्ही ठिकाणी शनिवारी नऊ वाजता जाणं आणि मंगळवारी-बुधवारी सातला जाणं यात फार अंतर आहे. यादीतलं दिवसाला एकच ठिकाण करा. आणि डिसेंबर संपता संपता बंगळुरूच्या बाजारात अवरेकाळु, म्हणजे आपल्या पावट्याच्या जातीचे ओले दाणे आलेले असतात. व्ही. व्ही. पुरम भागात तर त्या हंगामात त्यांचाच मेळा भरतो, डोशापासून जिलबीपर्यंत सगळ्यात अवरेकाळु. मुलीच्या यादीत हे नसेल तर घाला.

तिला आणखी एक विचारा. ऑफिसातून उशिरा सुटल्यावर तू कुठं खातेस? बंगळुरूत 1980 च्या दशकापासून दर्शिनी म्हणून उभ्यानं खायची छोटी हॉटेलं पसरली आहेत, बहुतेक मुलामुलींचं तिथं आठवड्याचं जेवण होतं. तिथं तिच्या नेहमीच्या वेळेला तिच्याबरोबर जा. वाढणारा तिला ओळखत असेल, तिनं न सांगताच तिची कॉफी पुढं येईल. आई म्हणून तुम्हाला हे बघायला आवडेल, आणि यादीतल्या मोठ्या नावांपेक्षा हे तुम्हाला अधिक काळ आठवेल, असं मला वाटतं.

तुमच्या मालवणच्या सुरमईचं कारणही घड्याळाच्याच घरचं आहे, फक्त हे घड्याळ वर्षाचं. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. तो माशांच्या विणीचा काळ, शिवाय दर्या खवळलेला. तेव्हा जुलैत ताटात आलेली सुरमई बर्फातली असण्याचीच शक्यता जास्त. त्या दिवसांत मालवणची माणसं स्वतः काय खातात? खाडीतले मासे, सुके बांगडे भाजून, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची किसमूर, आणि टाकळ्याची, अळूची भाजी. पाऊस कोसळत असताना पेज आणि भाजलेला सुका बांगडा मिळाला असता, तर तुम्ही त्या जेवणाबद्दल आज वेगळं लिहिलं असतं. ताज्या सुरमईसाठी पावसाळा संपू द्या आणि मग जा.

हे एकदा पाहायची सवय लागली की पुढचे प्रवासही त्याच अंगानं ठरवता येतात. जळगावला वांग्याचं भरीत खायचं तर थंडीत, शेतातली हिरवी मोठी वांगी कपाशीच्या काट्यांवर भाजली जातात तेव्हा, कळण्याच्या भाकरीबरोबर. सोलापूरकडे हुरडा त्याच दिवसांत, आणि तोच कोवळ्या ज्वारीचा दाणा सुरतेत पोंक म्हणून लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खातात. वलसाडच्या रस्त्यावर थंडीत मडकी उलटी पुरून भाजलेल्या शेंगा-कंदांचं उंबाडियुं मिळतं; अलिबागकडची पोपटी खाल्लेल्या माणसाला ते लगेच जवळचं वाटेल. इंदूरला गेलात तर दुपारची झोप काढा, कारण तिथला सराफा खाण्यासाठी जागा होतो तो दागिन्यांची दुकानं मिटल्यावर. रात्री दहा-अकराला भुट्टे का कीस, थंडीत तळलेले गराडू नावाचे कंद, आणि जिरावण मसाला भुरभुरलेली साबुदाण्याची खिचडी, जी इंदूरच्या मराठी घरांतूनही तितक्याच प्रेमानं खाल्ली जाते. गोव्यात उलट सकाळ गाठावी लागते. बाजाराजवळच्या लहान कॅफेत पातळ भाजी आणि पोदेरानं, म्हणजे पाववाल्यानं नुकताच आणलेला पाव; तिथलं रस ऑम्लेट मात्र दिवेलागणीनंतर, गाड्यावर. कोलकात्यातली पाइस हॉटेलं, म्हणजे जुन्या स्वस्त खानावळी, दुपारी बाराला गाठायची. फळ्यावर त्या दिवसाचे मासे लिहिलेले असतात, प्रत्येक वाटीचे वेगळे पैसे, केळीच्या पानाचेही वेगळे, आणि दोन वाजेपर्यंत चांगले मासे फळ्यावरून पुसले गेलेले असतात.

स्थानिक माणसाला विचारताना प्रश्न जरा बदला. 'इथं चांगलं हॉटेल कुठं आहे?' असं विचारलं की तो तुमच्याकडे, गाडीकडे, सासूबाईंकडे बघतो आणि पाहुण्यांना शोभेलसं एसीचं हॉटेल सांगतो. त्याच्या बाजूनं तो आदरातिथ्यच करत असतो. त्याऐवजी विचारा, 'तुम्ही आज दुपारी कुठं जेवणार?' किंवा 'रविवारी घरच्यांना घेऊन नाश्त्याला कुठं जाता?' पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा, बाजारात भाजी विकणाऱ्या मावशी, लॉजचा वॉचमन, सगळ्यांकडून खरं उत्तर मिळतं. आणि जमलं तर असं विचारा, 'तिथलं कधी संपतं?' या प्रश्नाला जो लगेच उत्तर देतो, तो तिथं खरोखर जाणारा माणूस.

यजमानांशी भांडू नका. गाडी चालवणाऱ्याला वाटेतल्या अचानकच्या थांब्यांचा त्रास होतो, आणि तो रास्त आहे. त्यांना अचानक काही सांगायचंच नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी कागदावर लिहून द्या, साडेनऊ कोल्हापूर, दीड हुबळी, दुसऱ्या दिवशी पावणेनऊ दावणगेरे. मधले थांबे हायवेवरच्या चांगल्या हॉटेलात, चहा आणि स्वच्छतागृहापुरते, दर दोन तासांनी. सासूबाईंना ते लागतीलच. यजमानांना नेमकेपणा आवडत असणार असं पत्रावरून दिसतं. ही आखणी त्यांच्या स्वभावाला धरूनच आहे. परतीच्या वाटेवर त्यांच्यासाठी आणि मुलासाठी कोल्हापूरचा दुपारचा मुक्काम ठेवा. मटणाचं ताट, तांबडा आणि पांढरा रस्सा, गर्दीच्या वेळेला, म्हणजे रस्सा पातेल्यातून थेट वाटीत येतो. पांढरा आधी प्या, तो निवला की त्यातलं नारळाचं दूध आणि मटणाचं सूप यांची गोडी जाते. सासूबाईंना त्याच भागात अख्खा मसूर आणि भाकरी मिळेल. निघण्याआधी कालनिर्णय बघून घ्या. मार्गशीर्षातला गुरुवार असला आणि घरात पाळत असाल, तर मटणाचा दिवस एकानं पुढंमागं करा.

मुलाला उपदेश करू नका, काम द्या. तीन-चार ठिकाणी फोन करून वेळा, सुट्टीचा दिवस आणि काय कधी संपतं हे विचारायचं काम त्याचं. ज्यानं स्वतः चौकशी केलेली असते त्याला तिथं पोहोचायची उत्सुकताही असते. आणि एखाद्या रात्री त्यानं नूडल्स मागितले तर खुशाल खाऊ द्या. दिवसातलं एक जेवण गावाच्या घड्याळानं झालं की पुष्कळ झालं, बाकीची कशीही होवोत.

राहिला डबा. न्याच, यजमानांचं बरोबर आहे. पण तो सासूबाईंसाठी. मधुमेहाच्या गोळ्यांची वेळ खानावळीच्या रांगेवर सोडता येत नाही. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी आणि खाणं यांत जे अंतर सांगितलं असेल ते तसंच पाळायचं, त्यांनी उपाशी वाट बघायची नाही. दशम्या, सुकी भाजी, भाजलेले फुटाणे आणि दह्याचा छोटा डबा त्यांच्या हाताशी राहू दे, साखर एकदम उतरली तर हवी म्हणून ग्लुकोजची पुडीही. कोल्हापुरात तुम्ही मिसळ खाल तेव्हा त्यांनी दशमी-दही खावं, आणि हुबळीच्या भाकरीसाठी पोटात जागा ठेवावी. धारवाडला लाइन बाजारातला पेढा घ्यायचा असेल तर परतीला घ्या; उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबाचं ते दुकान, तिथं माल येतो आणि थोड्या वेळात संपतो, तेव्हा आधी चौकशी करून जा. खरपूस भाजलेल्या खव्याचा तो पेढा सासूबाईंना अर्धा चालेल का, ते त्यांच्या त्या दिवशीच्या साखरेवर ठरवा. तुमच्या डब्यातल्या दशम्या मात्र पहिल्या दिवशीच संपवा. दुसऱ्या सकाळी दावणगेरेला त्या उघडायची वेळ येऊ देऊ नका.